चिमूटभर प्लॅटिनम आणि पाण्यातले इंधन

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून मी तिथे गणित-विज्ञान घेतो. त्या दिवशी वर्ग सुटला, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी एक ताई दाराशी थांबूनच होत्या. त्या एका शिलाई कारखान्यात धागे कापण्याचे काम करतात. मुलगा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, नुकताच पास झालेला. त्यांच्या हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रिका होती. ‘हायड्रोजन तंत्रज्ञ व्हा. तीन महिन्यांत नोकरीची हमी. फी ४० हजार.’

ताई म्हणाल्या, “सर, कानातले मोडायचा विचार आहे. पोराचं भलं होत असेल तर मोडीन. पण हे हायड्रोजन म्हणजे नेमकं काय? पाण्यावर गाडी चालते म्हणतात, ते खरं का? का आपल्याला कुणी बनवतंय?”

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. ताईंना जे सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण अशी पत्रिका उद्या आपल्यापैकी कुणाच्याही दारात येऊ शकते.

दोन पेन्सिली आणि एक पेला

सुरुवात घरातच करू. दोन शिसपेन्सिली घ्या आणि दोन्ही टोकांना तासा. पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. खेळण्यातली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणा. तिच्या दोन टोकांना दोन तारा जोडा आणि त्या तारा दोन पेन्सिलींच्या वरच्या टोकांना गुंडाळा. पेन्सिलींची खालची टोके एकमेकांना न लागतील अशी पाण्यात बुडवा. दोन्ही टोकांवर बुडबुडे येऊ लागतील. बॅटरीच्या ऋण टोकाकडे ते जास्त दिसतील. तो हायड्रोजन. दुसरीकडचा ऑक्सिजन. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, म्हणून हायड्रोजन दुप्पट.

चार गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. मोठे माणूस जवळ असावे. सोड्याच्या जागी मीठ टाकू नका, कारण मिठाने क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पेला झाकू नका आणि वायू साठवू नका. आणि घरातल्या विजेच्या प्लगला हा प्रयोग कधीही जोडू नका.

विजेने पाणी फोडण्याची ही युक्ती जुनी आहे. १८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी, व्होल्टाने शोधलेली बॅटरी वापरून, ती करून दाखवली. आज कारखान्यात हेच काम करणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात.

आता बॅटरी सोडवा. पेन्सिलींना बुडबुडे चिकटलेले असतानाच तारा मीटरला लावा. मुलाच्या आयटीआयच्या पिशवीत मल्टिमीटर असतोच. काटा हलेल. म्हणजे पेल्यातून थोडी वीज परत मिळते आहे. फुटलेले हायड्रोजन-ऑक्सिजन पुन्हा पाणी होऊ पाहतात आणि जाता जाता वीज देतात. ही उलटी वाट म्हणजे इंधनघट, इंग्रजीतला फ्युएल सेल. वेल्समध्ये जन्मलेल्या विल्यम ग्रोव्ह या गृहस्थांनी १८३९ साली ही गोष्ट ओळखली आणि १८४२ पर्यंत अशा घटांची माळ करून वीज काढली. पेशाने ते वकील होते आणि पुढे न्यायाधीशही झाले.

पण आपल्या पेल्यातला काटा थोडा वेळ हलून पडतो. ग्रोव्हसाहेबांच्या घटात मात्र पेन्सिलीऐवजी प्लॅटिनमच्या पट्ट्या होत्या. सगळी करामत त्या धातूत आहे.

गाडीवानाच्या मुलाचा दिवा

हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका भांड्यात नुसते ठेवले तर ते वर्षभरही शेजारी-शेजारी राहतील आणि पाणी होणार नाहीत. दोघांनीही आपापले अणू जोडीने घट्ट धरलेले असतात. ती जोडी सैल करायला कुणीतरी मध्यस्थ लागतो. आपल्याकडे सोयरीक जुळवणारे एखादे मामा असतात ना, तसे. ते दोन्ही घरी बसतात, बोलणी पुढे नेतात आणि लग्न लागले की पुढच्या घरी निघतात. स्वतः जसेच्या तसे राहतात. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. हा शब्द ज्या कल्पनेसाठी वापरतात, तिला स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८३५ च्या सुमारास नाव दिले.

पण त्याआधीच एका माणसाने ती डोळ्यांनी पाहिली होती. योहान डोबेरायनर, जन्म १७८०, जर्मनीतल्या एका गाडीवानाचा मुलगा. शाळा फारशी मिळाली नाही. औषधवाल्याच्या दुकानात उमेदवारी करत करत तो रसायने शिकला आणि पुढे येना इथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८२३ साली त्याने प्लॅटिनमच्या स्पंजासारख्या भुसभुशीत गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला. ना काडी, ना ठिणगी. गोळा लाल झाला आणि झोत पेटला. काड्यापेटी घरोघरी यायच्या आधीच्या त्या काळात हा ‘दिवा’ हजारोंनी विकला गेला. डोबेरायनरने त्याचे पेटंटही घेतले नाही.

आणि ज्या धातूने ही किमया केली, त्याची आधीची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. दक्षिण अमेरिकेत सोने धुणाऱ्या स्पॅनिश लोकांना वाळूत पांढरे जड कण सापडत. ते वितळत नसत. सोन्यात भेसळ म्हणून ते त्रासाचेच वाटत. त्यांनी त्याला ‘प्लॅटिना’, म्हणजे किरकोळ चांदी, असे हिणकस नाव दिले आणि पुष्कळदा ते नदीत फेकूनही दिले.

प्लॅटिनमच का?

मामा फार अलिप्त असतील तर सोयरीक जुळत नाही. फार चिकट असतील तर लग्नानंतरही घरातून हलत नाहीत. उत्प्रेरकाचेही तेच. सोन्याला हायड्रोजन जेमतेम चिकटतो, म्हणून काम पुढे जात नाही. काही धातूंना तो इतका घट्ट चिकटतो की सुटत नाही. प्लॅटिनमची पकड बरोबर मध्यावर आहे. धरते, जोडी सोडवते आणि पुढे जाऊ देते.

ही सगळी कामगिरी पृष्ठभागावरच होते, आतला धातू नुसता पडून राहतो. म्हणून कारागिरी अशी की धातूचे अगदी बारीक कण करायचे आणि काजळीच्या भुकटीवर पसरायचे. हे कण साधारण २ ते ५ नॅनोमीटरचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक ग्रॅम प्लॅटिनमचा खडा तुरीच्या दाण्याहून लहान असतो. त्याचे असे कण केले की पृष्ठभाग ५० चौरस मीटरहून अधिक भरतो. आपल्या दहा बाय बाराच्या चार खोल्यांची फरशी मोजा, त्याहून जास्त. एका दाण्यात चार खोल्या, ही बचत साधायला शास्त्रज्ञांची दीडशे वर्षे गेली.

यंत्र उघडून पाहू

ताईंच्या मुलाला यात जास्त रस होता, म्हणून घटाचे भाग एकेक करून सांगतो.

मधोमध पारदर्शक प्लॅस्टिकसारखा एक पातळ पापुद्रा असतो. अशा पापुद्र्याचे ‘नॅफियॉन’ हे नाव प्रसिद्ध आहे. ड्युपाँट कंपनीत वाल्टर ग्रोट यांनी १९६० च्या दशकात तो तयार केला. या पापुद्र्याच्या दोन्ही अंगांना काळ्या शाईचा लेप असतो. ती शाई म्हणजेच प्लॅटिनम लावलेली काजळी. लेपावर कार्बनच्या धाग्यांचा काळा कागद. त्याला टेफ्लॉन लावलेले असते, तेच आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावरचे, म्हणजे पाणी साचून वायूची वाट अडत नाही. त्याच्या बाहेर बारीक खाचा कोरलेली ग्रॅफाइटची किंवा लेप दिलेल्या धातूची पाटी. खाचांतून एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला साधी हवा. कडेने गॅस्केट आणि सगळे आवळून धरायला दोन्ही टोकांना जाड पट्ट्या.

हायड्रोजन प्लॅटिनमवर येतो आणि फुटतो. त्याचा धनभारित भाग, प्रोटॉन, ओल्या पापुद्र्यातून पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला मात्र पापुद्र्यातून वाट नाही. त्याला बाहेरच्या तारेने वळसा घालून जावे लागते, आणि तारेतून इलेक्ट्रॉन जाणे म्हणजेच वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन भेटतात आणि पाणी होते. ना धूर, ना राख. ऑक्सिजनच्या बाजूचे काम फार सावकाश होते, म्हणून प्लॅटिनमही त्याच बाजूला जास्त लागते.

एका घटातून चालू कामात जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात. म्हणून घट एकावर एक रचतात, थाळ्यांच्या चळतीसारखे. टोयोटाने २०१४ साली ‘मिराई’ नावाची हायड्रोजनवरची मोटार विकायला काढली. तिच्या चळतीत ३७० घट होते. ३७० ला ०.६५ ने गुणा, म्हणजे किती व्होल्ट होतात ते मुलेच सांगतील.

प्लॅटिनम लेपलेल्या पापुद्र्याचा घट अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या थॉमस ग्रब आणि लिओनार्ड नीड्राख यांनी १९५० च्या दशकात उभा केला. १९६५ साली जेमिनी यानात तो अवकाशात गेला. त्याच सुमारास इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकन यांनी वेगळी वाट धरली होती. त्यांच्या घटात प्लॅटिनम नव्हते, निकेल आणि पोटॅशचे क्षारी द्रावण होते. १९५९ साली त्यांनी ५ किलोवॅटचा घट चालवून दाखवला, आणि त्याच वाटेचे घट पुढे अपोलो यानांत बसले. चंद्रावर निघालेल्या माणसांनी त्या घटांतले पाणी प्यायले.

आपल्या देशातही पाणी फोडून हायड्रोजन काढणे नवे नाही. पंजाबात नांगल इथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून खतासाठी हायड्रोजन काढण्याचा मोठा कारखाना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच चालू झाला होता. अलीकडे, ऑगस्ट २०२२ मध्ये, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून तयार केलेली इंधनघटावरची बस पुण्यात दाखवण्यात आली.

इंद्रधनुष्याच्या नावाचा धातू

इलेक्ट्रोलायझरचे दुखणे आणखी वेगळे. आपल्या प्रयोगात थोड्या वेळाने पाणी काळपट होते, पाहिले का? धन टोकाची पेन्सिल झिजते. तिथे निघणारा ऑक्सिजन कार्बनलाच खातो. म्हणून कारखान्यातल्या पापुद्र्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये त्या बाजूला कार्बन चालत नाही. महागडे टायटॅनियम वापरावे लागते. पापुद्रा आम्लधर्मी, त्यात विजेचा दाब जास्त. निकेल तिथे विरघळून जाते. तिथे टिकणारा आणि नीट काम करणारा उत्प्रेरक म्हणजे इरिडियम.

१८०३ साली स्मिथसन टेनंट यांनी तो शोधला. त्याची संयुगे रंगीबेरंगी, म्हणून ग्रीकांच्या इंद्रधनुष्याच्या देवतेचे नाव त्याला मिळाले. साऱ्या जगात वर्षाला हा धातू साधारण सात-आठ टनच निघतो. म्हणजे आपल्या वस्तीत रेती टाकायला येणाऱ्या एका ट्रकभर. तोही स्वतंत्र खाणीतून नाही, प्लॅटिनम काढताना सोबत मिळतो. आजच्या पद्धतीने दहा लाख किलोवॅटचे असे यंत्र उभारायला सुमारे ४०० किलो इरिडियम लागते. हिशेब करा, जगभर अशी किती यंत्रे उभी राहतील?

म्हणून दुसऱ्या वाटा शोधणे चालू आहे. जुना क्षारी इलेक्ट्रोलायझर निकेलवर चालतो. तो अवजड, पण धातू स्वस्त. क्षारी काम आणि पातळ पापुद्रा यांची सांगड घालण्याचे प्रयत्न होत आहेत. इंधनघटात प्लॅटिनमऐवजी लोखंड, नायट्रोजन आणि कार्बन यांची जुळणी तपासली जात आहे. तिचे मूळ १९६४ सालचे. तेव्हा रेमंड जसिन्स्की यांनी दाखवले की नायट्रोजनच्या चार अणूंच्या कड्यात बसवलेला कोबाल्टही ऑक्सिजनचे काम करू शकतो. असेच कडे, मध्ये लोखंड घेऊन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते. म्हणजे फुफ्फुसातला ऑक्सिजन बोटाच्या टोकापर्यंत नेणारी युक्ती यंत्राला शिकवायची आहे. अडचण एकच, अशी जुळणी प्लॅटिनमइतकी टिकत नाही.

शेगडीचा इशारा

रक्ताचा विषय निघाला म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. प्लॅटिनमचा एक शत्रू आहे, कार्बन मोनॉक्साइड. हायड्रोजनमध्ये तो कणभर जरी आला तरी प्लॅटिनमवर जाऊन बसतो आणि उठत नाही. मग हायड्रोजनला जागाच उरत नाही. म्हणून मोटारीच्या हायड्रोजनमध्ये एक कोटी कणांत दोनहून अधिक कण कार्बन मोनॉक्साइडचे चालत नाहीत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

हाच वायू आपल्या हिमोग्लोबिनच्या लोखंडावरही तसाच बसतो, ऑक्सिजनच्या सुमारे दोनशे पट घट्ट. थंडीत दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती यामुळे. त्याला वास नाही, रंग नाही. घरोघरी आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे. शेगडी खोलीत घेऊन झोपू नये. न्हाणीघरातला गॅसचा गिझर हवा खेळती नसेल तर वापरू नये.

हायड्रोजनलाही वास नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम घातलेल्या गंधकाच्या संयुगाचा. हायड्रोजनमध्ये तसे का घालत नाहीत? कारण गंधकही प्लॅटिनमला मारतो. त्यात हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि हवेत तो ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो. म्हणून या कारखान्यात काम करणाऱ्याला नाकावर किंवा डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. वायू ओळखणारे यंत्र, हवा खेळती ठेवणारे पंखे आणि शिकवलेला माणूस हे तिन्ही हवेतच. ‘तंत्रज्ञ’ म्हणून पोराला पाठवताना आईने हे विचारलेच पाहिजे.

हा धातू कोण काढतो?

आता या गोष्टीची दुसरी बाजू. जगातले खाणीतून निघणारे प्लॅटिनम सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. इरिडियमचा वाटा त्याहून मोठा. १९२४ साली हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाच्या शोधाने तिथला प्लॅटिनमचा थर उजेडात आला. थर बहुतेक ठिकाणी मीटरभरही जाड नाही. एक टन दगड फोडावा तेव्हा हाताला चार-पाच ग्रॅम मौल्यवान धातू लागतो. जमिनीखाली शेकडो मीटर खोल, तापलेल्या खडकात, वाकून ड्रिल धरणारा कामगार काळा. त्यातले कितीतरी दूरच्या पूर्व केप प्रांतातून आणि लेसोथो देशातून पोटासाठी आलेले. वर्णभेदाच्या राजवटीत त्यांना बायकामुलांपासून तोडून पुरुषांच्या वसतिगृहांत ठेवत. १९९४ साली ती राजवट संपली, मतदानाचा हक्क आला. पण खाणीभोवतालच्या पत्र्याच्या झोपड्या राहिल्याच.

ऑगस्ट २०१२ मध्ये मारिकाना इथल्या लॉनमिन कंपनीच्या प्लॅटिनम खाणीत ड्रिल चालवणाऱ्यांनी संप केला. मागणी होती महिना १२,५०० रँड पगाराची. आधीच्या काही दिवसांत हाणामारीत दहा माणसे मेली, त्यांत दोन पोलीस आणि दोन सुरक्षारक्षकही होते. आणि १६ ऑगस्टला पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. एका दुपारी ३४ खाणकामगार ठार झाले. वर्णभेद संपल्यानंतरच्या त्या देशातला पोलिसांच्या हातून झालेला हा सर्वांत मोठा संहार. पुढे चौकशी आयोग बसला, कंपनीही २०१९ साली दुसऱ्या कंपनीने घेतली. पण विधवा झालेल्या बायांपैकी काहींना घर चालवण्यासाठी नवऱ्याच्याच खाणीत काम धरावे लागले.

गिरणी कामगारांच्या घरात वाढलेल्या आपल्या वाचकांना हे सांगताना फार समजावून सांगावे लागू नये. स्वच्छ हवेची यंत्रे हवीत, जरूर हवीत. कारखान्याच्या धुराड्याखाली आपल्याच वस्त्या असतात. पण ‘स्वच्छ’ हा शब्द वापरताना खाणीच्या तोंडापासून हिशेब धरला पाहिजे. जुन्या मोटारींच्या धूर गाळणाऱ्या डब्यांत प्लॅटिनम असते आणि ते परत काढता येते. जितके परत मिळेल तितके खोदणे कमी. शास्त्रज्ञ दाण्यातून चार खोल्या काढतात, त्याचाही उपयोग तोच.

मग ‘पाण्यावर गाडी’ खरी का?

नाही. पाणी हे इंधन नव्हे. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन, चुलीतल्या राखेसारखा. राखेचे पुन्हा लाकूड करायचे तर कुठून तरी शक्ती आणावी लागेल.

हिशेब पाहा. एक किलो हायड्रोजन काढायला प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो इंधनघटात वापरला तर साधारण १६-१७ युनिट परत मिळतात. जवळजवळ दोन तृतीयांश वाटेतच गेली. म्हणून जिथे सरळ तारेने वीज नेता येते तिथे हायड्रोजनचा वळसा परवडत नाही. खत, पोलाद, तेलशुद्धीकरण अशा ठिकाणी हायड्रोजन लागतोच, आणि आज तो बहुतांशी नैसर्गिक वायू व कोळशापासून काढतात. तिथे सूर्य-वाऱ्याच्या विजेवर काढलेला हायड्रोजन आला तर धूर खरोखर कमी होईल. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्येच आपले धोरण ठरवले.

पण कुणी दुचाकीला डबी बसवून ‘पाण्यावर चालवून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच रामराम करा. त्या डबीची वीज गाडीच्या बॅटरीतून येते, आणि बॅटरी पेट्रोलवरच भरते. १९९६ साली तामिळनाडूत एकाने पाण्यात पाला उकळून पेट्रोल करतो म्हणून देशभर गाजावाजा केला होता. भल्याभल्यांनी आधी विश्वास ठेवला. बुवाबाजी नेहमी अंगाऱ्या-धुपाऱ्याचीच असते असे नाही, ती पांढरा कोट घालूनही येते.

ताईंना काय सांगितले

म्हणून ताईंच्या मुलाला मी पाच प्रश्न कागदावर लिहून दिले आणि पत्रिकेवरच्या पत्त्यावर पाठवले. एक, तुमच्याकडे इंधनघट किंवा इलेक्ट्रोलायझर प्रत्यक्ष आहे का आणि मला तो उघडून जोडायला मिळेल का? दोन, वायू गळती ओळखण्याचे शिक्षण कोण देणार? तीन, प्रमाणपत्र कोणत्या सरकारी मंडळाचे? चार, नोकरीची हमी लेखी द्याल का, आणि कंपनीचे नाव काय? पाच, मागच्या तुकडीतल्या दोन मुलांची गाठ घालून द्याल का?

मुलगा तासाभरात परत आला. तिथे दोन खोल्या, एक प्रोजेक्टर आणि भिंतीवर यंत्राची चित्रे होती. यंत्र नव्हते. चौथ्या प्रश्नावर बाईंनी “आधी ५ हजार भरून जागा पक्की करा” एवढेच सांगितले. पाचव्याला उत्तरच नव्हते.

वाचकहो, चांगले वर्गही असतील, सगळ्यांना एका मापाने मोजू नये. पण हे ध्यानात ठेवा. या नव्या कारखान्यांत लागणारे हात मुळात ओळखीचेच आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. आयटीआय झालेल्या मुलाला १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात काम शिकता येते, आणि तिथे फी भरायची नसते, उलट विद्यावेतन मिळते. नळजोडणी नीट शिकलेला, दाबाचे मीटर वाचता येणारा, गळतीची भीती बाळगणारा आणि भीतीने हात न थरथरणारा मुलगा उद्या हायड्रोजनच्या कारखान्यात हायड्रोजनचे काम शिकेल. मुलीही शिकतील. काळ्या शाईचा लेप देणे, घटांची चळत बिनचूक रचणे ही बारीक हाताची, स्वच्छतेची कामे आहेत.

ताईंच्या मुलाने शिकाऊ उमेदवारीसाठी दोन कारखान्यांत अर्ज केले आहेत. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान तो एका ठेकेदाराकडे वायरिंगला जातो. ताईंची कानातली कानातच आहेत.

गेल्या रविवारी तो आपला मल्टिमीटर घेऊन अभ्यासवर्गाला आला. मुलांनी पेन्सिली तासल्या, सोडा विरघळवला. बॅटरी काढल्यावर काटा हलला तेव्हा सहावीतली एक मुलगी ओरडली, “सर, पाण्याने परत दिली!” किती परत दिली, ते मात्र तिने वहीत लिहिलेले नव्हते. पुढच्या रविवारी मोजायचे ठरले आहे. ज्यांच्या घरी ९ व्होल्टची जुनी बॅटरी पडून असेल त्यांनी मुलांबरोबर पाठवून द्यावी.